घरातला कॅम्प: तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी एक दुपार, एक रात्र

तंबू विकत आणू नका, हे आधीच सांगून टाकते. ऑनलाइन मिळणारे ते रंगीत, घुमटासारखे तंबू दोन मिनिटांत उघडतात आणि मुलांनी शिकण्यासारखं जे काही असतं तेही दोन मिनिटांतच संपतं. घरातल्या कॅम्पची निम्मी मजा आणि त्याहून जास्त शिक्षण हे तंबू उभा करण्यात, तो पडण्यात आणि पुन्हा उभा करण्यात आहे. जुनी साडी, दोरी, कपड्यांचे चिमटे, एक टॉर्च आणि थोडा पसारा सहन करायची तयारी एवढ्यावर भागतं.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या बालवाड्यांमध्ये बिया, शिंपले, पानं, खडे अशा आसपास सापडणाऱ्या वस्तूंचंच शैक्षणिक साहित्य केलं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेली. तिचं नावच कुरणशाळा. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कुरण आणता येत नाही, पण घरात जे आहे त्यातून शिकायचं हे सूत्र सहज आणता येतं.

दिवस आणि जागा

शनिवार धरा, म्हणजे रविवारी सकाळी घाई नसते. दुपारी चारच्या सुमाराला सुरुवात करा. सकाळपासून सुरू केलं तर रात्र व्हायच्या आत मुलं कंटाळतात आणि तुम्ही त्याच्याही आधी. बैठकीची खोली सगळ्यात सोयीची. बाल्कनीत तंबू ठोकायचा मोह होतो, पण तिथे खुर्च्या आणि स्टुलं कठड्याजवळ येतात आणि मुलं त्यावर चढतात, म्हणून बाल्कनी नकोच. छताचा पंखा जिथे फिरतो त्याच्या बरोबर खालीही नको. कापड वर उडालं तर पंचाईत. टेबलफॅन असेल तर तो लांबून लावा.

खाली दिलेल्या सगळ्या गोष्टी एकाच दिवशी करायला जाऊ नका. तंबू, भेळ आणि टॉर्चचा एखादा खेळ एवढं झालं तरी पहिला कॅम्प भरगच्च होतो. बाकीचं पुढच्या वेळी.

सामान मुलांनाच बांधू द्या

शाळेचं दप्तर रिकामं करून मुलाला द्या आणि सांगा, "यात मावेल तेवढंच न्यायचं, आणि दप्तर तुझं तूच उचलायचं." यातच मोजणं, निवडणं, जड-हलकं सगळं येतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कागदावर चित्रांची यादी काढा: टॉर्च, पाण्याची बाटली, टोपी, पांघरूण, एक आवडतं खेळणं. वस्तू दप्तरात गेली की मुलानं तिच्यापुढे बरोबरची खूण करायची. पहिलीतल्या मुलाला यादी स्वतः लिहू द्या. "पांगरुन" लिहिलं तरी आज दुरुस्त करू नका.

चार वर्षांचं मूल हमखास आठ गाड्या भरतं आणि पाण्याची बाटली विसरतं. भरू द्या. तंबूत तहान लागली की उठून स्वयंपाकघरापर्यंत चालत जावं लागतं, आणि पुढच्या वेळी बाटली सगळ्यात आधी आत जाते.

तंबू

इथे वेळ द्या, तासभर गेला तरी चालेल.

साधी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि एक मीटरहून थोडी जास्त रुंद असते. सुती घ्या; सिंथेटिक साडी दोरीवरून घसरते आणि आत उकडतं. आजीची नऊवारी मिळाली तर ती आठ मीटरच्या आसपास भरते, त्यात दोन मुलं आणि एक आजोबा आरामात मावतात.

१. दोन मजबूत आधार शोधा: खिडकीचा गज आणि जड कपाटाचं हँडल, किंवा डायनिंग टेबलाचे दोन पाय. प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत, दोरी ताणली की त्या चालत पुढे येतात. (मुलांना हे आधी सांगू नका. त्यांना खुर्चीच बांधायची असेल तर बांधू द्या आणि काय होतं ते बघा.)

२. दोरी मुलाच्या डोक्याच्या वर वीतभर उंचीवर बांधा. गळ्याच्या उंचीवर दोरी कधीही नको. बांधायचं काम मोठ्यांचं, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला सुरगाठ शिकवायची याहून चांगली संधी नाही. एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ, आणि ओढल्यावर आणखी घट्ट बसते ती निरगाठ. दोन्ही मारून दाखवा, दोन्ही सोडायला लावा.

३. साडी दुहेरी करून दोरीवर टाका आणि चिमट्यांनी पकडा. हे काम तीन-चार वर्षांच्या मुलांचं. चिमटा दाबायला अंगठा आणि शेजारची दोन बोटं लागतात, पेन्सिल धरायलाही हीच लागतात. लेखनाच्या दहा पुस्तकांपेक्षा दोरीवरचे वीस चिमटे मला जास्त कामाचे वाटतात.

४. आता दोन्ही बाजूंनी साडीचे काठ ओढून जमिनीवर टेकवा आणि त्यावर वजन ठेवा.

खरा खेळ चौथ्या पायरीपासून सुरू होतो. कशाचं वजन ठेवायचं? मूल आधी उशी आणतं, कारण ती मोठी असते. उशी सरकते. मग रिकामी बाटली आणतं, ती पडते. तीच बाटली पाण्यानं भरून ठेवली की काठ जागचा हलत नाही. मोठी उशी हलकी आणि छोटी बाटली जड हे एकदा हाताला कळलं की ते पुन्हा सांगावं लागत नाही. मग दोरी मधोमध खाली झोळ खाते, कारण साडीचं वजन तिच्यावर आलेलं असतं. इथे तुम्ही धावू नका.

"आजी, तंबू पडला!"

"पडला तर पडला. कुठून पडला ते बघ आधी."

"इथून. मधेच पोट आलंय त्याला."

"मग पोटाला काय लावशील?"

अशा वेळी मुलं पट्टी, बॅट, कुंचा, जे हाताला लागेल ते आणतात. झाडूचा लांब दांडा बहुधा बरोबर उंचीचा निघतो. त्याचं खालचं टोक सरकू नये म्हणून चपलेत रोवायची युक्ती मी एका साडेपाच वर्षांच्या मुलीकडून शिकले. काठ लांब ओढले की तंबू बुटका पण ऐसपैस होतो आणि जवळ घेतले की उंच पण अरुंद, हेही करून बघायला सांगा. मोठ्या भावंडाला वीत मोजून दोन्ही वेळची रुंदी वहीत लिहायला द्या.

तंबूची दोन्ही तोंडं उघडी ठेवा, हवा खेळती राहते. आत बल्बचा दिवा नको, कापडाला लागून तापतो.

उन्हाची कामं

गच्ची किंवा अंगण असेल तर दुपारी बाटलीची सावली मोजा. स्टीलची बाटली सपाट जमिनीवर उभी करा, सावलीच्या टोकाला खडूनं रेघ मारा, तासाभरानं पुन्हा मारा. तीन-चार रेघा पुरतात. सावली सरकते आणि तिची लांबीही बदलते हे मुलांना दिसतं. सूर्याकडे थेट बघायचं नाही, पायात चप्पल आणि डोक्यावर टोपी, आणि दर खेपेला दोन मिनिटांत परत आत.

कॅम्प मे महिन्यात असेल तर या खेळाला जोड देणारा एक दिवस आपल्याला फुकट मिळतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे सगळ्या महाराष्ट्रात आणि गोव्यात, वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली गडप होते. हा शून्य सावलीचा दिवस. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईत मेच्या मध्यास, नाशिकला २० मेच्या आसपास आणि नागपूरला २६ मेच्या सुमाराला. घड्याळात मात्र बारा वाजता बघू नका. आपलं घड्याळ प्रयागराजजवळून (पूर्वीच्या अलाहाबादजवळून) जाणाऱ्या रेखावृत्ताचं, त्यामुळे पश्चिमेकडच्या मुंबईत सूर्य माथ्यावर यायला साडेबारा उलटून चार-पाच मिनिटं होतात, पुण्यात जवळपास साडेबारा, नागपुरात बारा वाजून दहा मिनिटं. त्या दिवसानंतर जुलैअखेरीपर्यंत पुण्यात दुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते. पाच वर्षांच्या मुलाला कर्कवृत्त समजावायच्या भानगडीत पडू नका. "बाटलीनं सावली खाल्ली" एवढं त्याच्या लक्षात राहिलं तरी भूगोलाचा पाया घातला गेला.

दिवाळीच्या सुट्टीत हा दिवस मिळणार नाही, तेव्हा बर्फाची शर्यत लावा. एक खडा काळ्या कागदावर, एक पांढऱ्यावर, दोन्ही उन्हात. आधी अंदाज विचारा, मग बघा.

स्वयंपाक: बिनआगीचा

कॅम्पचं जेवण म्हणजे भेळ. तिला गॅस लागत नाही, लहानांना कालवता येते आणि बिघडायला फारसा वाव नसतो. चार वाट्या चुरमुरे, एक वाटी बारीक शेव, एक आधीच उकडून ठेवलेला बटाटा, अर्धी काकडी, एक टोमॅटो, दोन चमचे चिंचेचं पाणी, चवीला मीठ. बटाटा आणि काकडी मुलांना बोथट सुरीनं चिरू द्या, तुकडे वेडेवाकडे झाले तर होऊ देत.

कृती चित्रांत काढून तंबूच्या दारावर चिमट्यानं लावा: चार वाट्यांची चार चित्रं, मग एक वाटी, मग बटाटा. तीन वर्षांचं मूल चित्रावर बोट ठेवून एकेक वाटी टाकतं. सात वर्षांच्या मुलाला विचारा, "शेजारचे दोघं आले तर किती घ्यायचं?" दुप्पट करणं फळ्यावर जड जातं, परातीत ते आपसूक जमतं.

एक काळजी घ्या. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. दाणे हवेतच तर कूट घाला, ते कुठल्याही मराठी घरात डबाभर असतंच. आणि खाणं बसून. तंबूत आडवं पडून, हसत-खिदळत नाही.

पावलांचे ठसे

कॅम्पमधला हा माझा सगळ्यात लाडका भाग, कारण यात मुलं स्वतःहून गप्प बसतात.

आधी परातीत किंवा जुन्या ट्रेमध्ये बारीक ओली माती पसरा. कुंडीतली चाळून घेतली तरी चालते. पोळपाट दाबून ती सपाट करा. मुलाचा पाय त्यात उमटवा, मग तुमचा. टाच खोल गेली आहे, मधला भाग जेमतेम उमटला आहे, बोटं सुटी दिसताहेत. आता मुलाला चवड्यावर उभं राहून ठसा द्यायला सांगा, मग पळत येऊन पाय टाकायला सांगा. तिन्ही ठसे वेगळे. "हा कोण होता आणि काय करत होता?" हे ठशावरून ओळखायचं. घरातला एकेक जण पाळीपाळीनं डोळे मिटणार आणि बाकीच्यांनी ठसा उमटवायचा. बाबांचा ठसा सगळ्यांना ओळखू येतो, आई आणि मावशीत मात्र खरी वादावादी होते.

मग खाली जा. सोसायटीच्या बागेत, वाड्याच्या मागच्या बाजूला, जिथून मांजर रोज जातं त्या वाटेवर हातभर माती ओली करून सपाट करा आणि झोपायच्या आधी सोडून द्या. जंगलात वनरक्षकही वाटेवर अशीच मऊ मातीची पट्टी करून ठेवतात आणि सकाळी कोण गेलं ते वाचतात. सकाळी तुमच्या पट्टीवर काय सापडेल?

मांजराच्या ठशात चार बोटं आणि मागे गादी दिसते, नखं दिसत नाहीत, कारण चालताना मांजर ती आत ओढून घेतं. कुत्र्याच्या ठशात प्रत्येक बोटापुढे नखाचा बारीक टोचा असतो. कावळा आणि कबुतर यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे. बिबट्या आणि वाघ हे मांजराच्याच कुळातले, त्यांच्याही ठशात नखं दिसत नाहीत. आकार तेवढा मोठा. हे मुलाला एकदा सांगा आणि मग मजा बघा: पुढचा आठवडाभर रस्त्यावरच्या प्रत्येक चिखलापाशी तुम्हाला थांबावं लागेल. ओल्या सिमेंटवर उमटून वाळलेला कुत्र्याचा पाय तर प्रत्येक गल्लीत सापडतो. तो दिसला की मुलं अशी खूश होतात जणू ताडोब्यात उभी आहेत.

माती खेळून झाली की साबणानं हात. आणि पट्टीवर रांगोळी किंवा कणीक पसरू नका. रांगोळीची भुकटी नाकात जाते आणि कणकेला मुंग्या लागतात.

शेकोटी

घरात खरी आग नाही, मेणबत्ती नाही, आणि कोळशाची शेगडी तर मुळीच नाही. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो जीव घेतो. साडीच्या तंबूशेजारी ज्योत ठेवायची कल्पनाही नको.

शेकोटी करायची ती अशी: खाली पडलेल्या वाळक्या काटक्या गोळा करून त्यांचा शंकू उभारा, आत स्टीलच्या पेल्यात टॉर्च वर तोंड करून ठेवा आणि त्यावर केशरी-पिवळा जिलेटीन कागद बांधा. क्रेप कागदाच्या पट्ट्या काटक्यांना लावल्या आणि लांबून पंख्याची झुळूक आली की ज्वाळा हलतात. बाजारात मिळणारे छोटे चिनी दिवे वापरणार असाल तर त्यांचं झाकण स्क्रूनं बंद आहे ना ते तपासा. त्यातली बटणासारखी बॅटरी मुलानं गिळली तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. तसा संशय जरी आला तरी घरी वाट बघत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

शेकोटीभोवती भेंड्या. लहान मुलांना अंताक्षरीतली गाणी येत नाहीत, म्हणून शब्दांच्या भेंड्या घ्या: शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. तंबू, बूट, टरबूज, जहाज. ज-वर गाडी अडली की आजोबा "जिलबी" म्हणून सुटका करतात. चार वर्षांखालच्यांना शेवटचं अक्षर पकडता येत नाही, त्यांना पहिलं द्या: "त-नं सुरू होणारं काय काय दिसतंय?" मग साखळी गोष्ट, प्रत्येकानं एक वाक्य. तुम्ही "एका जंगलात एक शेकरू राहायचं" म्हणून कितीही शहाणी सुरुवात करा, तिसऱ्या वाक्याला डायनासोर येतोच. येऊ द्या.

अंधारातले खेळ

टॉर्च सफारी करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मुलांना प्राणी काढायला लावा आणि खोलीत लपवा. महाराष्ट्राची राज्यचिन्हं घेतली तर ओळखही होते: शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी, ताम्हण हे राज्यफूल आणि ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू. फुलपाखराचा मान २०१५ साली मिळाला, आणि असं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. शेकरू झाडावर उंच राहतं, म्हणून त्याचं चित्र कपाटावर. बिबट्याच्या डोळ्यांच्या जागी चॉकलेटची चंदेरी चांदी चिकटवा. टॉर्च पडला की चमकतात. खऱ्या बिबट्याचे आणि मांजराचेही असेच चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा पडदा असतो. सगळी चित्रं सापडली की दोन ढीग करायचे: दिवसा फिरणारे आणि रात्री फिरणारे. शेकरू, मोर, हरियाल एकीकडे, घुबड, वटवाघूळ, साळिंदर दुसरीकडे. "आपली मनी कुठल्या ढिगात?" यावर भरपूर चर्चा होऊ द्या.

साडीवर सावल्याही पाडा. हात टॉर्चजवळ नेला की कुत्रा मोठा होतो, साडीजवळ नेला की लहान. एवढं मुलं स्वतः शोधतात, मधे बोलू नका.

आणि एकदा सगळे दिवे घालवून आवाजांचा नकाशा. कागदाच्या मधोमध फुली, म्हणजे आपण. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकायचं आणि ज्या दिशेनं आवाज आला तिथे खूण करायची. शहरातही बरंच सापडतं: फ्रिज, लिफ्ट, रिक्षा, कुत्रा, ट्यूबलाइटमागची चुकचुकणारी पाल, रातकिडा. गावाकडे किंवा शहराच्या कडेला टिटवी आणि पिंगळा. एप्रिल-मेपासून पाऊस सुरू होईपर्यंत पावशा तर रात्रीसुद्धा ओरडतो, "पेरते व्हा, पेरते व्हा". मुलांना तो दुसरंच काहीतरी म्हणताना ऐकू येईल. काय ते लिहून ठेवा.

अंधाराची भीती वाटणाऱ्या मुलाच्या हातात टॉर्च द्या आणि बटण त्याच्याच ताब्यात ठेवा. "घाबरतोस काय" म्हणून चिडवणारा मोठा भाऊ असेल तर त्याला पाणी आणायला पाठवा.

आकाश

गच्चीवर जायचं तर एक मोठं माणूस फक्त कठड्याकडे लक्ष ठेवायला. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद बांधा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडानं ती मेहनत क्षणात जाते. लहान मुलं एवढा वेळ शांत बसत नाहीत, दहा मिनिटं बसली तरी फरक पडतो.

एका रात्री एकच आकृती दाखवा. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला उत्तरेला सप्तर्षी उंच असतात, आणि त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती आणि आणखी पुढे चित्रा. दिवाळीत संध्याकाळी सप्तर्षी नसतात, तेव्हा उत्तरेचा शर्मिष्ठा हा तारकासमूह बघा. डिसेंबर-जानेवारीत मृग: चार पायांचं हरीण, त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि बाणाच्या रेषेत लखलखणारा व्याध. बाण मारणारा, बाण आणि हरीण तिन्ही जागेवर असल्यामुळे गोष्ट सांगायला सगळ्यात सोपी हीच. गंमत अशी, की जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आजोबा "मृग लागला" म्हणतात तेव्हा आकाशात मृग दिसत नाही, कारण त्या वेळी सूर्यच त्या नक्षत्रात असतो.

ध्रुव शोधायला हात लांब करून मूठ धरा. मूठभर रुंदी म्हणजे आकाशातले सुमारे दहा अंश, आणि ध्रुव क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर असतो जेवढे तुमच्या गावाचे अक्षांश. पुण्या-मुंबईत आणि नागपुरात म्हणजे दोन मुठी. मुलाची मूठ लहान तसा हातही आखूड, त्यामुळे हिशेब त्याच्याही हातानं जमतो. नातवंडं लंडनला असतील तर त्याच रात्री त्यांना फोनवरून पाच मुठी मोजायला लावा. सिडनीला असतील तर त्यांना ध्रुव दिसणारच नाही. तो का दिसत नाही, हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला बरेच दिवस पुरतो.

इमारतींमुळे उत्तर झाकलेली असेल तर चंद्र पुरे. सलग तीन रात्री त्याच वेळी बघून चित्र काढायचं.

झोप

रात्रभर तंबूतच झोपलं पाहिजे असा नियम करू नका. मच्छरदाणी लावता आली तर उत्तम, नाहीतर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. झोपायच्या आधी अंधारात टॉर्च घेऊन तंबू ते बाथरूम अशी एक फेरी मारून घ्या, वाटेत बूट किंवा बाटली नको. मूल मध्यरात्री उठून तुमच्या खोलीत आलं तर काही न बोलता बाजूला सरका. सकाळी ते "मी तंबूत झोपलो होतो" असंच सांगतं, आणि ते बऱ्यापैकी खरं असतं.

सकाळी

पहिलं काम मातीची पट्टी बघायला जाणं. हे दात घासायच्याही आधी.

मग आवराआवर, तीही मुलांनीच. कचरा दोन पिशव्यांत, ओला आणि सुका: काकडीची सालं एकीकडे, शेवेचं पाकीट दुसरीकडे, आणि काटक्या जिथून आणल्या त्या झाडाखाली परत. चिमटे रंगांप्रमाणे लावून मोजायचे. काल वीस दिले होते, आज अठराच असतील तर दोन कुठे गेले ते शोधायला पांघरुणं झटकावी लागतात. साडीची घडी दोघांनी टोकं धरून घालायची: एकदा दुमडली की दोन पदर, पुन्हा दुमडली की चार, मग आठ.

कॅम्पच्या वहीत मुलाला एक चित्र काढू द्या आणि त्याखाली ते जे बोलेल ते जसंच्या तसं लिहा, व्याकरण न सुधारता. "मांजराचा पाय आला पण मांजर नाही आलं" हे वाक्य तुम्हाला सुचलं नसतं.

साडी आणखी चार दिवस टेबलावर पडदा म्हणून राहिली तरी हरकत नाही, मुलं खाली आपलं काहीतरी चालू ठेवतात. दोरी मात्र त्याच सकाळी सोडून, गुंडाळून, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.